रात्र शिकवणारा कोर्स: एका नाईट ड्यूटीवालीचा अभिप्राय

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सुटका होईल. कोर्स करण्यासारखा आहे, पण आठच्या आठ आठवडे भक्तिभावाने बघण्यासारखा नाही. पहिले तीन आणि पाचवा अजिबात सोडू नका. चौथा हातातलं काम करता करता बघितला तरी चालेल. सातवा खुशाल गाळा. सहाव्याशी माझं भांडण आहे, ते पुढे येईलच.

कोर्सचं स्वरूप साधं आहे. विषय एकच, रात्र. दर आठवड्याला तिच्याकडे बघणारं शास्त्र वेगळं. आधी इतिहास, मग शरीर, आकाश, प्राणी-कीटक, शहर, कायदा आणि कामगार, साहित्य-कला, आणि आठव्या आठवड्यात आपापला छोटा प्रकल्प. सगळं ऑनलाइन: रेकॉर्ड केलेली व्याख्यानं, वाचायला निबंध, आठवड्याच्या शेवटी प्रश्नमंजूषा. चालवणाऱ्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत आणि मला कुणाशी वाद घालत बसायचं नाही.

माझी ओळख एवढीच की मी अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स आहे आणि नोकरीचा मोठा भाग नाईट करण्यात गेलाय. रात्रीवर बोलणारे बहुतेक विद्वान रात्री झोपलेले असतात, हा माझा जुना आक्षेप. तो तपासून बघावा म्हणून नाव नोंदवलं.

पहिल्याच आठवड्यात इतिहासाच्या बाईंनी चांगली पकड घेतली. रॉजर एकर्च या इतिहासकाराने जुनी रोजनिशी, कोर्टातल्या साक्षी, वैद्यकाची पुस्तकं धुंडाळून २००१ मध्ये मांडलं की वीज येण्याआधीच्या युरोपात लोक एका दमात झोपत नसत. पहिली झोप, मग मध्यरात्रीच्या आसपास तासभर किंवा जास्त जाग, मग दुसरी झोप. मधल्या वेळात प्रार्थना, गप्पा, घरातली किरकोळ कामं. जाग आली म्हणून कुणी घाबरत नसे. हे ऐकताना मला रात्री दोनला बेल वाजवणारे सगळे पेशंट आठवले. 'सिस्टर, झोप मोडली, काहीतरी गोळी द्या.' त्यातल्या कित्येकांना झोप मोडण्यापेक्षा झोप मोडल्याची भीती जास्त छळते, हे कुठलीही नाईटवाली सांगेल.

बाईंनी लगेच प्रयोगाचा पुरावाही जोडला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थॉमस वेअर या झोपेच्या संशोधकाने काही निरोगी माणसांना महिनाभर रोज १४ तास अंधारात ठेवलं, तर त्यांची झोप आपोआप दोन तुकड्यांत विभागली गेली. झालं, सिद्ध झालं, असं वाटून आपण मान डोलावतो. आणि दुसऱ्या आठवड्यातले शरीरशास्त्राचे सर येऊन त्यावर पाणी ओततात. २०१५ मध्ये जेरोम सीगल आणि सहकाऱ्यांनी टांझानियातले हाड्झा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले चिमाने अशा वीज नसलेल्या समाजांतल्या ९४ जणांच्या झोपेची, मनगटावर यंत्र बांधून केलेली मोजणी प्रसिद्ध केली. ही माणसं सरासरी ५.७ ते ७.१ तास झोपत होती. सूर्य मावळल्यावर तीनेक तास जागी राहत होती. आणि त्यांच्या झोपेचे नियमित असे दोन भाग कुठे दिसलेच नाहीत. प्रकाशापेक्षा हवेतला गारवा त्यांच्या झोपेशी जास्त जुळत होता.

मग खरं कुणाचं? सरांनी निकाल दिला नाही, आणि ते मला आवडलं. त्यांनी पृथ्वीचा गोल पुढे ठेवला. उत्तर युरोपात हिवाळ्याची रात्र १६ तासांहूनही लांब होते. विषुववृत्ताजवळ ती वर्षभर बारा तासांच्या आसपासच राहते. एवढी लांब रात्र वाट्याला आली तर माणूस झोपेचे तुकडे पाडतो, नाहीतर पाडत नाही, असंही असू शकेल. कोर्समधला सगळ्यात मोलाचा अर्धा तास हाच. इतिहासकाराचा कागद, प्रयोगशाळेतली खोली आणि मनगटावरचं यंत्र ही तिन्ही एकाच रात्रीबद्दल बोलतात आणि एकमेकांचं ऐकत नाहीत. तिथे शिकायला मिळतं. बाकी बहुतेक आठवड्यांत ही शास्त्रं मांडवातल्या पाहुण्यांसारखी आपापल्या खुर्चीत बसून असतात.

दुसऱ्या आठवड्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण तो माझ्या धंद्याचा आहे. नॅथॅनियल क्लाइटमन हे झोपेचे संशोधक १९३८ मध्ये एका तरुण सहकाऱ्याला घेऊन अमेरिकेतल्या मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले आणि २४ ऐवजी २८ तासांचा दिवस अंगी बाणतो का ते बघत बसले. तरुणाला जमलं, क्लाइटमनना नाही. १९६२ मध्ये मिशेल सिफ्र हा फ्रेंच भूशास्त्रज्ञ दोन महिने घड्याळाशिवाय गुहेत राहिला आणि १४ सप्टेंबरला बाहेर आला तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट चालू होता. पुढे मेंदूतलं मुख्य घड्याळ, फळमाशीत सापडलेली या घड्याळाची जनुकं आणि त्यासाठी २०१७चं नोबेल, डोळ्यांत दिसण्याशी फारसा संबंध नसलेल्या पण निळसर प्रकाश टिपून शरीराला 'दिवस आहे' असं कळवणाऱ्या पेशी, हे सगळं सरांनी छान उलगडलं. आकृत्या स्वच्छ, बोलणं संथ.

खटकलं ते पुढे. रात्रपाळी 'बहुधा कर्करोगकारक' आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये म्हटलं आणि २०१९ मध्ये कायम ठेवलं. सरांनी हे वाक्य पडद्यावर टाकलं आणि पुढे निघून गेले. अहो, ऐकणाऱ्यांत रात्रपाळी करणारे असतील की! ही वर्गवारी पुरावा किती भक्कम आहे ते सांगते, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. माणसांमधला पुरावा मर्यादित आहे म्हणूनच तर 'बहुधा' आहे. एवढा खुलासा दोन मिनिटांत झाला असता. त्याऐवजी आम्हाला सल्ला मिळाला की झोपेची वेळ रोज एकच ठेवावी. ज्यांचं रोस्टर, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, दर आठवड्याला फिरतं त्यांना हा सल्ला देणाऱ्याने एकदा रोस्टर बनवून बघावं.

पहाटे चारचं वर्णन मात्र अचूक होतं. त्या सुमाराला शरीराचं तापमान तळाला गेलेलं असतं. हात गार पडतात. इन्फ्युजन पंपावरचा, म्हणजे शिरेतून औषध मोजून सोडणाऱ्या यंत्रावरचा आकडा वाचलेला असतो, तरी तो डोक्यात उतरायला एक क्षण जास्त लागतो, म्हणून परत वाचावा लागतो. पोटॅशियम, इन्सुलिन, हेपॅरिन अशी औषधं आम्ही दोघींनी मिळून तपासतो: एकीने लेबल मोठ्याने वाचायचं, दुसरीने ऑर्डर बघून हो म्हणायचं, मगच सिरिंज भरायची. दिवसाही हाच नियम आहे, पण चार वाजता त्याचा अर्थ वेगळाच कळतो. आवाज ऐकू आला की डोकं जागेवर येतं.

याच ओघात सरांनी मोठ्या अपघातांची यादी दाखवली. अमेरिकेतला थ्री माइल आयलंड अणुप्रकल्प, १९७९, पहाटे चार. चेर्नोबिलची अणुभट्टी, १९८६, रात्री १ वाजून २३ मिनिटं. भोपाळची वायुगळती, १९८४, २ आणि ३ डिसेंबरमधली रात्र. थकलेला मेंदू चुका करतो, असा त्यातून निष्कर्ष. करतोच. पण भोपाळमध्ये रसायन थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती आणि निसटणारा वायू जाळण्याच्या मनोऱ्याचं काम दुरुस्तीपायी थांबलेलं होतं. हे काही रात्री एक वाजता डुलकी लागल्यामुळे घडलं नव्हतं. दिवसा खुर्चीत बसून घेतलेल्या निर्णयांचं खापर रात्रीवर आणि रात्री हजर असलेल्यांवर फोडायचं, हे आमच्याकडे दर सकाळी पाळी बदलताना, हँडओव्हरला चालतं. कोर्सनेही तेच केलं.

तिसरा आठवडा आकाशाचा. आकाश मुळात काळं का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. विश्व अनंत, जुनाट आणि स्थिर असतं तर जिकडे बघावं तिकडे नजर एखाद्या ताऱ्यावरच टेकली असती आणि रात्र लख्ख असती. ओल्बर्स या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने १८२३ मध्ये हे कोडं मांडलं. विश्वाचं वय मर्यादित आहे, दूरच्या प्रकाशाला अजून इथवर पोचायला वेळच मिळालेला नाही, म्हणून अंधार. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेला की खगोलवाल्यांची रात्र सुरू होते हेही इथेच कळलं. आमची आठ वाजता होते, पंच केल्यावर.

या आठवड्याचा गृहपाठ अख्ख्या कोर्सपेक्षा सरस आहे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, सगळे दिवे घालवायचे आणि खिडकीशी अर्धा तास बसायचं. पहिली काही मिनिटं नुसतं काळं. मग खिडकीची चौकट, मग खुर्चीची पाठ. खुर्चीवर एक लाल आणि एक निळी ओढणी शेजारी शेजारी टाकून ठेवायला सांगितलं होतं. उजेडात लाल उठून दिसते. पण वीसेक मिनिटांनी लाल पार काळीठिक्कर पडली आणि निळी फिकट राखाडी होऊन वर आली. अंधारात काम करणाऱ्या दंडपेशींना लाल रंग जवळजवळ दिसतच नाही. मग आभाळातला एक पुसट तारा: थेट बघितलं की गायब, जरा बाजूला नजर ठेवली की हजर, कारण डोळ्याच्या अगदी मध्यावर दंडपेशी नसतात. मी नवीन होते तेव्हा सिनियर सिस्टर सांगायच्या की रात्री राउंडला टॉर्चवर बोटं मिटून धर, बोटांतून झिरपेल तेवढाच उजेड पेशंटवर पडू दे. बोटांतून झिरपतो तो लाल उजेड. पेशंटची झोप मोडत नाही आणि पुढच्या बेडकडे जाताना आपले डोळेही दिपलेले नसतात. त्या बाईंनी दंडपेशींचं नावही ऐकलं नसेल.

प्रकाश प्रदूषणाचे आकडे याच आठवड्यात. २०१६च्या जागतिक नकाशाप्रमाणे ८० टक्क्यांहून जास्त माणसं उजळलेल्या आकाशाखाली राहतात आणि एक तृतीयांशाहून जास्त जणांना घरून आकाशगंगा दिसत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जगभरच्या हौशी लोकांची ५० हजारांहून जास्त निरीक्षणं होती. त्यावरून आकाश वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळतंय असं निघालं. म्हणजे जन्माच्या वेळी जिथून २५० तारे दिसतात, तिथून ते मूल १८ वर्षांचं होईपर्यंत जेमतेम १०० उरतील. उपग्रहांना मात्र ही वाढ बरीच कमी दिसते. का, तर त्यांचा कॅमेरा निळसर प्रकाश टिपतच नाही आणि नवे एलईडी दिवे नेमके निळ्याकडे झुकलेले. शिवाय तो वरून जातो रात्री दीडच्या सुमाराला, तोवर निम्म्या पाट्या आणि खिडक्या विझलेल्या. गंमत म्हणजे अर्थशास्त्रज्ञ याच उपग्रहचित्रांवरून देशांच्या उत्पन्नाची वाढ मोजतात. एकाला जी घाण, ती दुसऱ्याला भरभराट. इथे दोघांना समोरासमोर बसवून अर्धा तास बोलू द्यायला हवं होतं. दोन वेगवेगळ्या व्हिडिओंत दोघांनी एकच चित्र दाखवलं आणि एकमेकांचं नावही घेतलं नाही.

चौथा आठवडा बरा. शेणकिडे आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा धरतात हे २०१३ मध्ये सिद्ध करताना संशोधकांनी आकाश दिसू नये म्हणून त्यांच्या डोक्यावर चिमुकल्या पुठ्ठ्याच्या टोप्या घातल्या होत्या, तो फोटो बघण्यासारखा आहे. दिव्याभोवती घिरट्या घालणारे कीटक दिव्यावर भाळलेले नसतात. वर उजेड म्हणजे आकाश या सवयीने ते पाठ दिव्याकडे करून उडतात आणि तिथेच अडकतात, हे २०२४ मध्ये वेगवान कॅमेऱ्यांनी दाखवलं. कवींची मोठी पंचाईत झाली. बाकी दिव्यांमुळे वाट चुकणारी कासवाची पिल्लं वगैरे आपण ऐकलेलं असतं.

पाचवा शहराचा. पॅरिसमध्ये १६६७ पासून रस्त्यावर कंदील टांगले गेले ते पोलीसप्रमुख ला रेनी यांच्या कारकिर्दीत, म्हणजे रस्त्यावरचा दिवा हा सोयीइतकाच नजर ठेवण्याचाही भाग होता. पण मला आवडला तो मरे मेल्बिन. या समाजशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये म्हटलं की रात्र ही नव्याने वस्ती होत असलेली सरहद्द आहे, आणि तिथली माणसं नव्या मुलखातल्या माणसांसारखीच वागतात. त्याने बॉस्टनमध्ये रस्ता विचारून, मुलाखत मागून, दुकानात बोलून बघितलं. रात्री लोक दिवसापेक्षा जास्त मदत करतात, जास्त मोकळे बोलतात. फक्त एका चाचणीत उलटं झालं: पत्ता लावलेल्या किल्ल्या रस्त्यात टाकून ठेवल्या, तर त्या रात्री सगळ्यात कमी परत आल्या. समोर माणूस असला तर जीव लावतील, किल्लीसाठी नाही. वॉर्डातली रात्र अगदी अशीच असते. दिवसा एकमेकींशी न बोलणाऱ्या दोघी रात्री एकमेकींचा पेशंट उचलायला धावतात, आणि स्टेथोस्कोप टेबलावर विसरला तर तो सकाळी मिळेलच याची खात्री नसते.

आता सहावा. १९०६ला स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये आणि १९१९ला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत बायकांना कारखान्यात रात्रीचं काम बंद करणारे करार झाले. १९९०चा करार आला तो बाई-पुरुष न बघता रात्रपाळीच्या सगळ्या कामगारांसाठी: आरोग्यतपासणी, गरोदरपणात दुसरं काम, योग्य मोबदला. केवढा मोठा विषय! त्याला मिळाली वीस मिनिटं, उरलेला आठवडा रात्रीच्या घरफोडीला शिक्षा जास्त का यात गेला. कारखान्यातल्या बाईला रात्र झेपणार नाही म्हणून बंदी घालणाऱ्या त्या काळातही नर्सा रात्रभर उभ्याच होत्या. बंदी फक्त उद्योगांना लागू होती. सेवा म्हटली की रात्र बाईला बाधत नाही! हा प्रश्न एकाही व्याख्यानात आला नाही. रात्री काम करणारं एकही माणूस आठ आठवड्यांत पडद्यावर बोललं नाही. झोपेचा अभ्यास आहे, ताऱ्यांचा आहे, पतंगांचा आहे. जागणाऱ्याला मात्र आकडा म्हणून उभं केलंय.

सातव्यात युरोपातली चित्रं आणि कविता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं रात्रिसूक्त नावालाही नाही, जिथे रात्र ही आकाशाची मुलगी आहे आणि स्वतःच्या उजेडाने अंधार हटवते. फ्लोरेन्स नाइटिंगेलचा दिवा तेवढा आला, तोही चित्रकारांनी रंगवलेला तोटीवाला. तिच्या हातात खरं तर घडी होणारा तुर्की कंदील असायचा.

प्रकल्प मात्र मनापासून केला. एक जागा, एक रात्र, दोन शास्त्रं, अशी अट. मी आमचाच विभाग घेतला: आवाज आणि उजेड. वॉर्डात रात्री सरासरी आवाज ३० डेसिबलच्या वर जाऊ नये असं जागतिक आरोग्य संघटना १९९९ पासून सांगते. आमच्याकडे मॉनिटरचा एक अलार्म हा आकडा पुरून उरतो, आणि तो बंद करता येत नाही. काय वाजतंय, किती वेळ, त्यातलं खरंच कामाचं किती, हे लिहून काढलं. प्रकल्प तपासतात ते सहाध्यायीच. त्यातल्या एकाने लिहिलं, 'रात्री दिवे आणि मशीन बंद का ठेवत नाही?'

सोयी-गैरसोयी थोडक्यात. व्हिडिओ उतरवून ठेवता येतात, हे उत्तम. व्हिडिओखालची अक्षरं (सबटायटल्स) यंत्राने उमटवलेली आहेत, ती वाचू नका. प्रश्नमंजूषेत नुसत्या सनावळ्या विचारतात. थेट शंकासमाधानाचं सत्र माझ्यासाठी ड्यूटी संपवून अंथरुणाला पाठ टेकायच्या वेळी असायचं. दुसरी वेळ मिळेल का म्हणून विचारलं तर 'सहसा सर्वांना सोयीची वेळ निवडली जाते' असं उत्तर आलं.

झोपेच्या तक्रारीवर काम करणारे, आकाश बघायची आवड असणारे आणि शहरनियोजनवाले यांनी जरूर घ्यावा. साहित्यासाठी येणार असाल तर येऊ नका. रात्रपाळी करणाऱ्यांनी दुसरा आठवडा ऑफच्या दिवशी बघावा, ड्यूटीवर जायच्या आधी नाही. आणि तिसऱ्यातला अंधारात बसायचा गृहपाठ कोर्सला नाव न घालताही करता येतो. ओढण्या तेवढ्या दोन रंगांच्या घ्या.